वायसरवादी

यवतमाळच्या लोहारा, वाघापूर किंवा दारव्हा रोडकडच्या कोणत्याही वस्तीत सकाळच्या वेळी जुनी गिअरची सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करून तिच्यासमोर पाटावर बसलेला जो निवृत्त गृहस्थ दिसतो, त्याची ओळख वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. गरज आहे ती त्याच्या तत्त्वज्ञानाच्या मांडणीची, कारण ते त्याने स्वतः कधी कागदावर उतरवलेले नाही आणि तोंडी ऐकून घेण्याइतकी सवड त्याच्या घरातही कोणाला नसते. या तत्त्वज्ञानाला वायसरवाद म्हणता येईल. वायसर म्हणजे नट आणि त्याखालचा पत्रा यांच्यामध्ये घालायची, मधोमध भोक असलेली चपटी चकती. आवळल्याचा दाब पसरवणे आणि दोन भागांमधली फट भरून काढणे एवढेच तिचे काम, असे यंत्रशास्त्र मानते. वायसरवाद्याला ही व्याख्या फारच कोती वाटते.

त्याची सायकल स्वस्तातली असणे हा या सिद्धान्ताचा पाया होय. लांब पल्ल्याच्या महागड्या सायकलींच्या सांगाड्यावर कॅरिअर, मडगार्ड आणि पाण्याची बाटली बसवण्यासाठी आटे पाडलेली, म्हणजे आतून पेच कोरलेली, भोके कारखान्यातूनच येतात. स्वस्त सायकलीत ती बहुधा नसतात, त्यामुळे तिला काहीही जोडायचे झाल्यास नळीवर क्लिप आवळावी लागते, क्लिपखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी लागते आणि एवढे करूनही जी फट उरते तिच्यात, अर्थातच, वायसर घालावा लागतो. पावसाळ्यात या भागातली काळी माती टायरला चिकटून मडगार्डखाली अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते, म्हणून शेतावर जाणारा शहाणा माणूस मडगार्डच काढून ठेवतो. वायसरवादी मात्र मडगार्डच्या पट्टीखाली तीन वायसर घालून ते वर उचलतो. वर गेलेले मडगार्ड ब्रेकला घासते म्हणून ब्रेकमागे दोन वायसर येतात, सरकलेला ब्रेक कॅरिअरच्या पायाला अडतो म्हणून तेथे आणखी दोन येतात, आणि अशा रीतीने हळूहळू संपूर्ण सायकल आपल्या मूळ जागेपासून बोटभर बाहेर येते.

साखळीच्या बाबतीत त्याचे ज्ञान निर्दोष आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. साखळीची प्रत्येक कडी अर्धा इंच लांबीची असल्याने 24 कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत; त्या इंचाच्या सोळाव्या भागाइतक्या लांबल्या की साखळी बदलावी आणि आठव्या भागापर्यंत थांबल्यास दातेरी चक्रेही झिजलेली निघतात, हे तो नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने कोणालाही सिद्ध करून दाखवतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ आट्यांचे पेडल चालवता चालवता सैल होत जाईल, हेही तो समजावून सांगतो. केवळ आट्यांच्या दिशेने, वायसरविना, प्रश्न सुटावा याचे त्याला थोडे वाईट वाटते. हा सिद्धान्त सायकलीपुरता मर्यादित नाही. शेजारच्या घरात सासू-सुनेचे वाजले की तो पान्हा खाली न ठेवता निदान करतो : "मंधात वायसर नाही, मंग खडखड होईनच ना भाऊ!"

ही सारी सिद्धता सेवाग्रामच्या यात्रेसाठी चाललेली असते. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा यांनी 1923 मध्ये सायकलीवर निघून 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हा दाखला तो प्रत्येक पाहुण्याला देतो. तेवढ्या काळात त्याचे कॅरिअर बसून झालेले नसते, हे पाहुणा सौजन्याने बोलत नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या त्या यात्रेची चाचणी म्हणून तो अधूनमधून कळंबपर्यंत जातो, चिंतामणीचे दर्शन घेतो, काहीतरी खडखडले असे म्हणतो आणि परततो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नियोजित रेल्वेमार्गावरची गाडी 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याकडून कळंबपर्यंत आली, तेव्हा यवतमाळकरांना तिचे कौतुक वाटले. वायसरवादी मात्र विरुद्ध बाजूने कळंबला कित्येक वर्षे आधीच पोहोचलेला होता, आणि त्याच्यासाठी भूसंपादनही करावे लागले नव्हते.

तथापि, त्याची यात्रा अडण्याचे खरे कारण सकाळी साडेनऊच्या सुमारास त्याच्या फाटकाशी उभे असते. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्या घाईघाईत जोडल्या गेल्यामुळे पहिल्याच महिन्यात स्टँड लोंबू लागतात, आणि टायरमध्ये सराटे, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचे टोकदार काटे, घुसले की अर्ध्या रस्त्यात पायी चालण्याची पाळी येते. अशी सायकल हाती धरून "आजोबा, शाळेची घंटा होईन" असे कोणी म्हटले की वायसरवादी आधी साखळीवर व्याख्यान देतो, मग डब्यात हात घालतो, डब्यात नेमक्या मापाचा वायसर सापडत नाही, आणि तेव्हा तो पाठ वळवून स्वतःच्या सायकलीचा एक नट सैल करतो. पैसे घेत नाही, नाव विचारत नाही, पेडल मारत निघालेल्या मुलीला मागून "डावं पेडल उलटं आवळतात, ध्यानात ठेव!" एवढे ओरडून सांगतो.

त्याच्या सायकलीचे सुटे झालेले भाग जिल्ह्याच्या निरनिराळ्या रस्त्यांवरून रोज शाळेत जात असल्याने ती पुरी होण्याची शक्यता अर्थातच नाही. याविषयी छेडले असता तो कबुली देत नाही. मूळ कारखान्यानेच वायसर कमी दिले होते, असे तो ठामपणे सांगतो, आणि पुढच्या रविवारी सेवाग्रामला निघायचे नक्की झाले असल्याची माहिती देतो.