लाडका कर्जदार

तारण ठेवत नाही, जामीन आणत नाही, जुनं कर्ज फेडायला नवं काढतो. आपल्या गल्लीत असा कोणी असेल तर लोक त्याला बुडव्या म्हणतात. दिल्लीत त्याला सरकार म्हणतात, आणि बँका दर शुक्रवारी रिझर्व्ह बँकेच्या लिलावात त्याला पैसे द्यायला बोली लावतात. राज्यांचा लिलाव मंगळवारी. (अनेकांचा उपासाचा वार, पण कर्ज उपासाला चालतं.)

भोसरीतल्या एका लघुउद्योजकाला मात्र एक व्हीएमसी मशीन घ्यायचंय. बँकेने तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न, शेडचे कागद, राहत्या घराचे कागद आणि जामीनदार म्हणून बायकोची सही मागितली. मॅनेजरने चहाही पाजला. मग म्हणाले, "साहेब, सेक्टर जरा रिस्की आहे."

मॅनेजरचं तरी काय चुकलं? ठेवींच्या 18 टक्के रक्कम रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवा, हा नियमच आहे. बँका स्वखुशीने त्याहून जास्त रोखे घेतात. रोखा थकत नाही, त्याची वसुली करावी लागत नाही, आणि तो घेतला म्हणून कुणाची चौकशी लागत नाही. तरी हे दिवस बरे म्हणायचे. 1990 मध्ये हाच दर 38.5 टक्के होता, वर 15 टक्के सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोकड. शंभराच्या ठेवीतले साडेत्रेपन्न रुपये पंगत बसायच्या आधीच वाढून झालेले.

सरकार या पैशांतून रस्ते, बंदरं बांधतं, त्यांवरून कारखान्याचाच माल जातो, हेही खरं. पण 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा हिशेब पाहा: येणाऱ्या रुपयातले 24 पैसे उधारीचे, जाणाऱ्या रुपयातले 20 पैसे व्याजाचे. बरीचशी उधारी व्याजाच्याच पोटात गेल्यावर रस्त्याला डांबर किती उरणार? अर्थव्यवस्थेतला कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचा होता. मग तारीख 2025 वर गेली. वाटा सतराच्या आसपास बसून आहे. तारखा मात्र छान प्रगती करताहेत.

आमच्या उद्योजकाचं एका सरकारी खात्याकडे बिलही अडकलंय. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा 2006 चा कायदा आहे. तो त्याला पाठ आहे. पण पुढचं टेंडरही त्याच खात्याचं, त्यामुळे तक्रार करण्याइतका तो अडाणी नाही.

शेवटी मशीनसाठी साठवलेल्या मार्जिन मनीचे त्याने रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडून सरकारी रोखे घेतले. व्याज सहामाही, बिनबोभाट. म्हणजे आता सरकारला त्याची दोन कर्जं झाली. रोख्यांवरचं व्याज वेळेवर येतं. बिलासाठी सोमवारी बोलावलंय, साहेब रजेवर नसतील तर.