दिसली म्हणा!

लग्नात न बघताच ‘बघितल्या’ म्हणून मान्य होणाऱ्या गोष्टींची यादी केली, तर नवऱ्या मुलाच्या पगाराच्याही वर अरुंधतीचं नाव घालावं लागेल. सप्तपदी झाली की गुरुजी जोडप्याला कार्यालयाच्या दारापाशी आणतात, बोट वर करतात आणि म्हणतात, “ती बघा अरुंधती. दिसली ना? नमस्कार करा.” तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. बोटाच्या टोकाशी ‘शुभविवाह’ लिहिलेली थर्माकोलची कमान असते. तरी दोघंही मनोभावे हात जोडतात, कारण आत पहिली पंगत खोळंबलेली असते.

आकाशदर्शनाचा नाद असलेल्या माणसाला खरं तर लग्नाला बोलावूच नये. मला बोलावतात, आणि मी गप्प बसत नाही. माझं म्हणणं साधं आहे. तुळशीचं लग्न लागलं की आपली लग्नसराई सुरू होते, आणि अरुंधती ज्यांच्यात आहे ते सप्तर्षी नेमके त्याच दिवसांत संध्याकाळी क्षितिजाखाली असतात. पुण्या-मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर दिसतो. सप्तर्षी त्याच्यापासून बरेच लांब राहून त्याला प्रदक्षिणा घालतात, त्यामुळे वाटेत त्यांना क्षितिजाखाली बुडी मारावीच लागते. कार्तिकात ते वर येतात मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे मांडववाले खुर्च्या गोळा करून गेल्यावर. त्यामुळे गोरज मुहूर्त धरला तरी अरुंधती काही हाती लागत नाही.

एका मामेभावाच्या लग्नात मी हे गुरुजींना हळूच सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “ढगाआड असली तर नमस्कार चालतो ना? मग पृथ्वीआड असली म्हणून काय बिघडलं?”

या युक्तिवादावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. उत्तर शोधायला ग्रंथ उघडले, तर ग्रंथही गुरुजींच्याच बाजूचे निघाले. पारस्कर गृह्यसूत्रात सांगितलंय, की सूर्यास्तानंतर वराने वधूला ध्रुव दाखवावा, आणि तिला तो दिसला नाही तरी तिने ‘दिसतो’ असंच म्हणावं! संसाराचा इतका व्यवहारी पाया दुसऱ्या कुठल्या शास्त्राने घातला असेल असं मला वाटत नाही. वराला दिसला नाही तर काय, याचा मात्र तिथे विचारच नाही. उत्तर दिशा कुठे हे पुरुषाला ठाऊक असतंच, ही समजूत इतकी जुनी आहे.

बरं, तो ध्रुव तरी जन्मभराच्या वचनाला साक्षीदार म्हणून कितपत पक्का? तेजस्वितेत तो पहिल्या चाळिसांतही येत नाही. आज दिसणारा त्याचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तिथून निघालेला. आणि ज्या अढळपदासाठी त्याची ख्याती, ते पद फिरतं आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा ध्रुवाच्या जागी ठुबान नावाचा वेगळाच तारा होता आणि आणखी सुमारे १२,००० वर्षांनी तिथे अभिजित येईल. पारस्करांना याची कुणकुण असावी. म्हणूनच त्यांनी दिसण्यापेक्षा म्हणण्यावर भर दिला.

एकदा मात्र योग जुळून आला. वैशाखातलं लग्न, गावाबाहेरचं लॉन, रात्रीचे आठ, आणि सप्तर्षी उत्तरेला मस्त वर आलेले. गुरुजींनी “घ्या, तुम्हीच दाखवा” म्हणून सूत्रं माझ्याकडे सोपवली. मी स्थूलारुंधती न्यायाने निघालो: आधी ठळक दाखवायचं, मग सूक्ष्म. “तो चार ताऱ्यांचा चौकोन. त्याला तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ. आता त्याला अगदी खेटून बघा...”

“दिसली!” नवरदेव ओरडला आणि त्याने हात जोडले. पाठोपाठ करवल्यांनी जोडले.

“काका, ती सरकतेय,” नवरी म्हणाली.

तो फोटोवाल्याचा ड्रोन होता. मी समजावलं, की तारे लुकलुकतात ते हवेमुळे. तारा इतका दूर, की आपल्याला तो नुसता बिंदू दिसतो. हवेच्या गार-गरम थरांतून येताना त्या बिंदूचा प्रकाश इकडेतिकडे वाकतो. ग्रह जवळचे, त्यांची इवलीशी चकती दिसते, म्हणून ते त्यामानाने स्थिर वाटतात. पण तारा लुकलुकला तरी लाल-हिरवा होऊन केकच्या टेबलाकडे उतरत नाही. एवढं ऐकायला तिथे नवरीच उरली होती.

लॉनवरच्या फोकसमध्ये तिलाही वसिष्ठच दिसला. तो दुसऱ्या प्रतीचा तारा आहे, अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे बरीच मंद. काळोख्या जागी डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, शहरात तिसरीलाच धाप लागते. सुश्रुतसंहितेत तर म्हटलंय, की ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सरत आलं म्हणून समजावं. या हिशोबाने सगळं पुणे कधीच आटोपायला हवं होतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधारही आता राखीव जंगलात ठेवावा लागतो, आणि दीर्घायुषी व्हायचं तर वाघाच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागतं.

शिवाय जे दिसतं तेही दिसतं तसं नाही. १६१७ साली दुर्बिणीतून कळलं, की वसिष्ठ एक नसून दोन आहेत. पुढे त्या दोघांतला प्रत्येक जण पुन्हा जोडीचा निघाला. २००९ मध्ये अरुंधतीजवळही एक मंद सोबती सापडला. म्हणजे वसिष्ठ-अरुंधती हे आदर्श जोडपं म्हणून आपण एकूण सहा जणांना नमस्कार करत आलो आहोत. हे मी अजून कुठल्याही मांडवात बोललेलो नाही. सासरच्या माणसांची संख्या ऐन सप्तपदीनंतर वाढवून सांगणं बरं नव्हे.

मी नव्या जोडप्यांना एवढंच सुचवतो, की लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात दिव्यांपासून दूर जा आणि रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. एकाला अरुंधती दिसते आणि दुसऱ्याला नाही, असं हमखास होतं. ज्याला दिसली नाही त्याने पारस्करांची सवलत न घेता ‘नाही दिसत’ म्हणून सांगावं. ज्याला दिसली त्याने ‘एवढंही कसं दिसत नाही तुला’ हे वाक्य गिळावं. एवढं जमलं तर कार्तिकातलं लग्नसुद्धा नीट टिकतं, असा माझा अनुभव आहे. बायकोचा अनुभव वेगळा आहे.