वही आणायला

आमच्या वेळी शाळा बुडाली की संध्याकाळी मित्राकडे वही आणायला जावं लागे. ताप उतरल्याची ती पहिली खूण. डोक्याला मफलर, पाय कापसाचे, आणि वाटेत भेटेल त्याला आजाराचं सविस्तर वर्णन. मित्राची आई शिऱ्याची वाटी हातात ठेवायची. भूगोलातल्या मोसमी वाऱ्यांना माझ्या लेखी अजूनही वेलदोड्याचा वास येतो.

नातीची शाळा बुडतच नाही. मार्च 2020मध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हा ती फोनमधून घरात शिरली आणि कुलपं निघाल्यावरही लांबच्या आत्यासारखी मुक्कामालाच राहिली. दुपारी ग्रुपवर गृहपाठ पडतो, पाठोपाठ आयांचे अंगठे. ‘बाई, मला माहीतच नव्हतं’ हे आमच्या पिढीचं सगळ्यांत इमानी वाक्य. बिचारं कधी वारलं, सुतकही कुणी पाळलं नाही.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं वाचून मला हेवा वाटला. तिथे 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले. दिवेलागणीलाच हे दिवे मालवणं! आमच्याकडे देऊळ नाही, भोंगा नाही. मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीवर भागवलं. शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन फडताळात. पहिल्या दिवशी फडताळाभोवती कोण घुटमळत होतं, ते नातीला विचारू नका.

परवा ती खोकल्यानं घरी होती. वहीचा फोटो फोनमध्ये, फोन फडताळात. म्हटलं, “चल, वही आणू.” “आणायची?” मी जणू तिला विहिरीवर पाणी शेंदायला नेत होतो.

मैत्रीण समोरच्याच इमारतीत राहते. दार उघडताच तिच्या आईचा चेहरा उतरला. “काका, सगळं ठीक आहे ना?” न कळवता वाजलेली बेल हल्ली तारेसारखी वाटते. वहीचं ऐकून मात्र ती खुदकन हसली आणि चिवड्याचा डबा काढायला आत गेली. दोन डोकी वहीवर वाकली. “ई, तुझं अक्षर फोटोत बरं दिसतं गं!” मैत्रिणीनं तिकडे लक्ष न देता समासातलं मांजर दाखवलं. प्रत्येक पानावर एक, शेपटी दर पानाला थोडी लांब. “फोटो पाठवताना आई हे कापते,” ती कुजबुजली. मग शेवटच्या पानापर्यंत शेपटी बघणं आलंच.

जिना उतरताना माझ्या ध्यानात आलं, वही वरच राहिली.

“उद्या आणू ना, आजोबा,” नात म्हणाली. तोंडात चिवडा होता.