सोबत : एक नग

निवृत्त कर्नल प्रत्येक जुन्या वस्तीत एक तरी असतो. पहाटे पाचला फिरायला निघणे, वाटेत भेटणाऱ्यांच्या पोटाकडे नापसंतीने पाहणे आणि वेळेवर न येणाऱ्या दूधवाल्याला सैन्यात कसे सरळ केले असते ते सांगणे, ही लक्षणे सर्वांनी सोसलेली असल्याने इथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराजवळच्या गल्लीत नांदलेल्या मराठी कर्नलसाहेबांचे वैशिष्ट्य वेगळे होते. ते पत्रे लिहीत.

या सवयीचे मूळ बांगलादेशातल्या जमालपुरात आहे. १९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबर रोजी, भारतीय सैन्याच्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याला शरण येण्याचे पत्र धाडले. ठाणेप्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उलट टपाली कळवले की पेन पुरे झाले, आता स्टेनगन घेऊन भेटा. आणि तो कागद बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून पाठवला. त्यानंतर दोन रात्रींच्या आत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने, निसटू पाहणाऱ्या त्या फौजेची वाट अडवली आणि जमालपूर पडले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

कर्नलसाहेब त्याच पलटणीत दाखल झाले ते यानंतर. आपण जमालपुरात होतो असे ते कधीही म्हणाले नाहीत. ते फक्त ‘आम्ही’ म्हणत. हे ‘आम्ही’ पलटणीच्या स्थापनेपासून, म्हणजे १७६८ पासून, चालू होई. शेजारच्या निवृत्त इतिहासमास्तरांनी एकदा विचारले, की तेव्हा पलटण कंपनी सरकारची आणि छत्तीसगड रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांचे, मग तुमचे ‘आम्ही’ नक्की कोणत्या बाजूला? या प्रश्नाला लेखी उत्तर गेले नाही.

एरवी मात्र प्रत्येक कागदाला उत्तर जाई, आणि ते कशाभोवती तरी गुंडाळलेले असे. तळाशी नेमाने लिहिलेले असे : ‘सोबत : एक नग.’ गणेश मंडळाची ५०१ रुपयांची पावती आली, तेव्हा उत्तरात पैसे निघाले आणि एक गंजका खिळा. मागल्या वर्षीच्या मांडवाचा तो खिळा त्यांच्या स्कूटरच्या टायरमध्ये सापडला होता. समोरच्या घरच्या लग्नपत्रिकेला आशीर्वाद गेले, सोबत कापसाचा एक बोळा; वरातीत डीजे येणार असल्याची खबर त्यांना लागली होती. वस्तीतल्या पोरांनी क्रिकेटसाठी वर्गणी मागितली, तर त्यांच्याच चेंडूने फुटलेल्या काचेचा तुकडा परत आला, कडा कानशीने घासून बोथट केलेला. पोरांना लागू नये एवढी काळजी या शत्रूने घेतली होती.

घरात हे शस्त्र एकदाच उलटले. आमटी अळणी असल्याची तक्रार त्यांनी मिठाच्या खड्याभोवती गुंडाळून स्वयंपाकघरात पाठवली. कर्नलीणबाईंनी त्याच कागदाच्या पाठीवर दोन शब्द लिहून तो परत केला : ‘घेतली का?’ आत रक्तदाबाची गोळी होती. जमालपूरनंतर पत्रातून गोळी आली ती हीच, आणि या वेळी शरणागती कर्नलसाहेबांनी पत्करली.

खरा पराभव झाला तो एका सरकारी कचेरीकडून. तुंबलेल्या नालीबद्दल त्यांनी अर्ज केला, सोबत प्लॅस्टिकच्या पुडीत नालीतला गाळ. उत्तर नाही. स्मरणपत्र, सोबत गाळ. उत्तर नाही. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर गाळ सुकून माती झाली तरी आवक नोंदवहीत अर्ज चढला नव्हता. सुलतान अहमदबद्दल कर्नलसाहेब आदराने बोलू लागले ते तेव्हापासून. बेट्याने निदान उलट टपाली कळवले होते.

पुण्याच्या मुलाने घर विकून फ्लॅटमध्ये या म्हणून लिहिले. त्याला कुरिअरने छपराचे अर्धे कौल गेले. वजनामुळे खर्च बराच आला. पत्रात एकच ओळ होती, हवामानाची.

एक प्रकार मात्र या नियमाला अपवाद होता, आणि तो वस्तीला फार उशिरा कळला. धमतरी, महासमुंदकडच्या खेड्यांतून जवानांच्या विधवा त्यांच्या ओसरीवर येत. पदराच्या गाठीतून पिवळे पडलेले पेन्शनचे कागद निघत. एकीच्या नवऱ्याचे नाव पलटणीच्या दप्तरात एक आणि आधारकार्डावर दुसरे, दुसरीच्या जन्मतारखेला पुरावाच नाही. कर्नलसाहेब प्रत्येकीला आधी चहा देत, मग मोडक्या छत्तीसगडीत सगळे विचारून घेत आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला अर्ज लिहीत. या अर्जांत विनोद नसे, ‘आम्ही’ नसे. दाखल्यांच्या प्रती एकावर एक लावून टाचलेल्या असत, आणि सोबतच्या यादीत नेमके तेवढेच कागद. उत्तर येईपर्यंत ते दर महिन्याला लिहीत राहत. जिचे काम होई ती मुरमुऱ्याचे लाडू घेऊन येई; ते मात्र त्यांना कधी कागदात गुंडाळून परत करता आले नाहीत.

ते गेल्यावर घर विकले गेले. गावागणिक बांधलेल्या फायली इतिहासमास्तरांकडे आल्या आणि हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, नोव्हेंबरात, बायका आता त्यांच्याकडे येतात. मास्तरांचे अक्षर सुरेख आहे. पलटणीचे नाव मात्र ते अजून चुकवतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या बायका ते त्यांना बरोबर सांगतात.