बघायचे ८० डॉलर

ती. आई आणि बाबा,

आधी आत्याला निरोप द्या, की माझी नोकरी गेलेली नाही. घरच्या ग्रुपवर काळ्याकुट्ट हातांचा फोटो टाकला तो कौतुक होईल म्हणून. त्यावरून ‘पोरगी गॅरेजमध्ये लागली’ इथवर पोचावं ते आत्यानेच. आणि आई, तू खरं मानून फोन केलास तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजले होते! वर बाबांच्या हाती फोन दिलाच नाहीस. म्हणून हे पत्र. शेजारच्या काकू शुक्रवारी पुण्याला निघाल्यात, त्यांच्याबरोबर देते. कुकर लावलाय, तो होईपर्यंत जेवढं होईल तेवढं.

पार्सल मिळालं. मेतकूट सुखरूप, शेवयांचा चुरा झाला, त्याची खीर केली. लोणच्याला पिशव्या भरपूर होत्या, तरी तेल वर्तमानपत्राला लागलंच. समीरने त्या तेलकट कागदावरचं शब्दकोडंही सोडवलं.

तर हात काळे झाले ते गवतापायी. ओहायोत दारापुढचं गवत ही आपली खाजगी बाब नसते. आमच्या गावात ते आठ इंचांच्या वर गेलं की दारावर नोटीस चिकटते. आठवड्यात कापलं नाही तर गावाचा माणूस येऊन कापणार आणि बिल आपल्या नावावर. मे महिन्यात पाऊस आणि ऊन आलटूनपालटून पडतं, गवत बघताबघता वाढतं. नानाकाकांची एक म्हैस असती तर दोन दिवसांत मैदान साफ, पण म्हैस ठेवायलाही नियम आहेच. सांगलीत महानगरपालिकेच्या बागेत माणूस हरवेल एवढं गवत, तिथे कोणी फूटपट्टी घेऊन जात नाही.

नेमकं तेव्हाच गवत कापायचं मोअर रुसलं. दुकानात फोन केला तर म्हणाले, नुसतं बघायचे ८० डॉलर, दुरुस्तीचे वेगळे, आणि नंबर यायला दोन आठवडे. आई, तू गुणाकार करायच्या आत सांगते, सात हजारांच्या घरात. नुसतं बघायचे! आपल्याकडे मुलगी बघायला गेलं तरी कांदेपोहे समोर येतात. माणूस बोलावून गवत कापून घ्यावं तर एका वेळचे ५० डॉलर, आणि पुढच्या आठवड्यात गवत पुन्हा तेवढंच. नोटीस एका आठवड्याची, दुकान दोन आठवड्यांचं, हा हिशोब कोणी घातलाय ते विचारायचं नाही.

तुमचे जावई समीर हुशार आहेत, पण प्लगची टोपी ते सायलेन्सरजवळ शोधत होते. ‘इंजिन गेलं, आता बॅटरीवालं घेऊ’ असा निकाल त्यांनी व्हिडिओ बघूनच दिला. पण इंजिन सुरू होत होतं हो! वूंऽऽ करून चढायचं, मरगळायचं, परत वूंऽऽ. बाबा, तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं.

पात्याजवळ हात जाणार म्हणून प्लगची टोपी आधी काढून ठेवली. प्लग कोरडा, तपकिरी, ठणठणीत. फिल्टर झटकला. म्हणजे चोर कार्बोरेटरमध्ये. ऑक्टोबरात टाकीत राहिलेलं पेट्रोल हिवाळाभर तसंच होतं. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट राळ उरते आणि जेटच्या बारीक भोकात बसते. मग पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन मंदावलं की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, ते धावतं, तो परत मिटतो, ते परत मंदावतं. आई, कंटाळलीस ना? हा परिच्छेद बाबांसाठी आहे.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा नट काढला. आमच्या इंजिनात तो नटच जेट आहे, त्याला आरपार भोक. ते जवळजवळ बुजलेलं. टाचणी उचलली तोच बाबा, तुमचा आवाज आला, ‘पितळ आहे ते, भोक मोठं करशील!’ मग वायरमधला तांब्याचा एक धागा घेतला. कार्बोरेटर साफ करायचा सहा डॉलरचा फवारा, ताजं पेट्रोल, आणि इंजिन एका सुरात चालायला लागलं.

हाताला पेट्रोलचा वास लागला आणि मी तिथेच पायरीवर बसले. आठवली ती लहानपणची रविवार सकाळ, बाबांनी आडवी केलेली स्कूटर, मी पाना हातात घेऊन उभी, आणि आतून आई, तू ओरडतेस की त्या हातांनी कणकेला शिवू नका. तुमच्या नातीने, ईराने, विचारलं, रडतेस का? म्हटलं, पेट्रोल डोळ्यात गेलं. तर ती पाण्याची नळी घेऊन आली. नखशिखांत भिजले.

शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून आले. दादा-वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या वादाबद्दल मी काही बोलणार नाही, वहिनी म्हणतेय तेच बरोबर. बेबीमावशीला सांग, मुलाला अमेरिकेचं स्थळ बघताना गवत कोण कापतो ते आधी विचार. आणि नानाकाका इथेनॉलचे गोडवे गातात ते गाणारच, ऊस त्यांचा आहे. इथे मक्याचं, तिथे उसाचं, जेट मात्र आपलं बुजतं.

त्यावरूनच महत्त्वाचं. बाबा, तुम्ही स्कूटर भंगारात द्यायची म्हणताय असं आई म्हणाली. देऊ नका. आता तुमच्याकडे तर २० टक्के इथेनॉल, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, आणि झाकून ठेवा. डिसेंबरमध्ये मी येतेय, तोवर कार्बोरेटरला हात लावू नका.

तुमची,
छकुली