मुठीवरचा काकाकुवा

बारोंगचं पातं पाहिलं की माणूस गप्प होतो आणि मूठ पाहिली की त्याला हसू फुटतं. पातं रुंद, पोटाशी फुगलेलं, टोकाला निमुळतं, एका घावात काम उरकणारं. आणि मुठीच्या टोकाला चोच पुढे काढून, तुरा ताठ करून बसलेला काकाकुवा! ज्याच्या हातात ही तलवार असेल त्याच्यासमोर मात्र मी हसणार नाही.

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ बेट आणि सुलू बेटमालिका आहे. तिथल्या तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ अशा मुसलमान समाजांना स्पॅनिशांनी सरसकट 'मोरो' ठरवून टाकलं. त्यांच्या तलवारींची घराणी मुख्यतः तीन. बारोंग, नागमोडी किंवा सरळ पात्याचा, दुधारी क्रिस, आणि लांबलचक कंपिलान, जिच्या मुठीचं टोक आ वासलेल्या जबड्यासारखं दुभंगतं. तो जबडा मगरीचा की नागाचा, यावर संग्राहकांची रात्र सहज निघते.

हे संग्राहक जुन्या वाड्याचं खरेदीखत तपासणाऱ्या वकिलासारखे असतात. कौतुक नंतर, आधी खोट. क्रिस हाती आला की त्यांची नजर पात्याच्या मुळाशी असलेल्या पसरट भागाकडे, म्हणजे गांग्याकडे जाते. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून पात्याला घट्ट बसवलेला असतो. विसाव्या शतकात, काही दशकं उलटल्यावर, अनेक लोहारांनी तो पात्यातूनच काढायला सुरुवात केली, पण जिथे सांधा असायचा तिथे रेघ मात्र कोरून ठेवली. पारखी म्हणतात, फसवणूक. मला तो लोहार आवडतो. सांधा गेला म्हणून रीत का सोडायची?

मुठींचंही तसंच. पोलाद टिकतं, लाकूड चिरतं, वेताची आवळण सुटते. मग मालक नवी मूठ बसवतो आणि कामाला लागतो. शंभर वर्षांनी कुणीतरी भिंग लावून हळहळतो, 'मूळची नाही हो!' त्या मालकाला मूळची मूठ नको होती, हातात नीट बसणारी हवी होती. मूठ हस्तिदंती असेल तर भाव चढतो आणि त्याबरोबर कागदपत्रंही वाढतात, कारण 1990 पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

या तलवारी अमेरिकेत एवढ्या कशा, हे विचारलं की हसू ओसरतं. 1906 च्या मार्चमध्ये होलो बेटावरच्या बुद दाजो डोंगराच्या विवरात, तेव्हा तिथे सत्ता असलेल्या अमेरिकेच्या सैन्याने शेकडो मोरो मारले. त्यात बायका-मुलंही होती. 1911 मध्ये तिथला अमेरिकी गव्हर्नर पर्शिंग याने शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला आणि 1913 मध्ये बुद बागसाकला पुन्हा लढाई झाली. सैनिकांच्या ट्रंकांतून तलवारी घरी गेल्या, आणि ट्रंकेबरोबर गोष्टी. आजोबांनी ही एका दातूकडून, म्हणजे सरदाराकडून, समोरासमोर लढून जिंकली, असं प्रत्येक नातू सांगतो. सगळं खरं धरलं तर सुलूत दातूंशिवाय दुसरं कुणी राहतच नव्हतं म्हणायचं. साधी मूठ, साधं म्यान आणि गोष्ट मात्र सरदाराची, असं दिसलं की मुरलेला पारखी मान डोलावतो आणि भाव तलवारीचाच करतो.

गोष्टींची सोय पुढे बाजारानेच केली. युद्धाच्या आठवणी नकोत पण भिंतीला काहीतरी हवं, अशा पाहुण्यांसाठी लाकडी ढालीवर बोटभर क्रिस, बोटभर बारोंग, बोटभर कंपिलान ओळीने ठोकलेल्या फळ्या निघाल्या. वर नक्षीदार अक्षरांत मोरोंच्या हत्यारांचं नाव. संग्राहक अशा फळीकडे ढुंकून पाहत नसत. आता त्यांतल्याच जरा धुरकटलेल्या फळ्या 'जुन्या काळच्या' म्हणून विकायला येतात, आणि त्यांचं वय कसं ओळखायचं याची चर्चा करणारे पारखीही निघतीलच.