सुक्या बोंबलाची लांबी

शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. पापलेट तिच्यात बसतो, कारण त्याची कायदेशीर लांबी १३५ मिलिमीटर. बांगडाही बसतो, ११० मध्ये. बोंबील १८०चा, म्हणजे त्याच्यासाठी थोरल्या भावाची फूटपट्टी मागून आणावी लागते. सुरमई मात्र ३७०. ती फूटपट्टीलाही दाद देत नाही, सत्तर मिलिमीटर बाहेरच राहते. तिला शिंप्याचा टेप लागतो. नोव्हेंबर २०२३पासून महाराष्ट्रात ५४ जातींच्या माशांना अशी किमान लांबी ठरवून दिली आहे, पोलीस भरतीत उमेदवाराला उंची ठरवून देतात तशी. फरक इतकाच, की भरतीत कमी भरला त्याला घरी पाठवतात. इथे कमी भरलेला मोजायच्या आधीच मेलेला असतो.

आम्हा बुलढाणेकरांना यात नाक खुपसायचं कारण काय, असं कोकणातला वाचक विचारेल. बरोबर आहे. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा होता, त्यातली टीचभर वाळूही आमच्या वाट्याला आली नाही. आमचं खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि ते इतकं क्षारांचं की त्यात मासा तग धरत नाही, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे सागरी मासेमारीचे नियम जर कुठे तंतोतंत पाळले गेले असतील, तर ते या जिल्ह्यात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत आजवर एकाही बुलढाणेकराने बेकायदा जाळं टाकलेलं नाही. याबद्दल कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, आम्ही मागितलंही नाही.

आमची अडचण वेगळी आहे. आमची अडचण सुका बोंबील आहे.

विदर्भातल्या माणसाची समुद्राशी ओळख होते ती आठवडी बाजारात, गोणपाटावर. एका बाजूला सुकटीचा ढीग, दुसऱ्या बाजूला बोंबलाच्या गड्ड्या, मध्ये तराजू आणि भोवती वासाने वेडी झालेली दोन मांजरं. आता हा बोंबील पकडला तेव्हा निम्म्याहून जास्त पाणीच होता. मग त्याला जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने बांबूवर उन्हात टांगला. तो वाळला, आखडला, वाकला आणि मेहकरच्या बाजारात आला. समुद्रात १९० भरलेला बोंबील इथे दीडशेच्या आत भरला, तर तो कायदेशीर की बेकायदा? पट्टी ओल्याला लावायची की सुक्याला? जोडी जोडीनेच मोजायची की आधी फारकत करायची? तो गुजरातच्या पाण्यातला निघाला, तर त्याला आपली पट्टी चालते का? शिवाय वाकलेला बोंबील मोजायचा तर आधी सरळ करावा लागतो, आणि सुका बोंबील सरळ करायला गेलं की मोडतो. म्हणजे एका सज्ञान बोंबलाचे पंचांसमक्ष दोन अल्पवयीन बोंबील झाले. आता गुन्हा कुणावर? पकडणाऱ्यावर, वाळवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर की सरळ करणाऱ्या साहेबांवर? यावर उपाय एकच: ‘सदरहू बोंबील दोन पंचांसमक्ष तासभर कोमट पाण्यात भिजवून, फुगल्याची खात्री करून मोजण्यात आला, मोजणीनंतर मुद्देमाल टिकण्याजोगा नसल्याने त्याची विल्हेवाट लावण्यात आली.’ विल्हेवाट कशी लावली, ते पंचांच्या मिशांवरच्या तेलावरून समजून घ्यावं.

सुकटवाल्या मावशींपुढे हा कायद्याचा पेच मांडला. त्यांनी एक गड्डी उचलून झटकली आणि म्हणाल्या, “भाऊ, वाळल्यावर कोन लांब रायते? घ्यायचं हाय तं घ्या, नाहीतं बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलं.” सागरी मासेमारी अधिनियमावर इतकं नेमकं भाष्य आमच्या वाचनात आलेलं नाही.

वेळापत्रकाचीही तीच तऱ्हा. मासळीचा विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या, म्हणून १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी. उत्तम. पण नेमके हेच दिवस आमच्या आखाडाचे. पुढे श्रावण पाळायचा म्हणून आधी महिनाभर दोन्ही हातांनी हाणायचं, ही आपली रीत. माशाला सुट्टी असते तेव्हा आपल्याला भूक असते. मग बंदी उठते, नौका दर्यात जातात आणि त्याच सुमारास श्रावण लागून आपण ताटाभोवती पाणी फिरवून वरण-भातावर येतो. सरकारची बंदी आणि देवाची बंदी अशा सलग लागतात, की हिशेबाने माशांना चांगले तीन महिने मिळावेत.

असो, पट्टीकडे येऊ. २०२३ सालीच पापलेट राज्यमासा झाला. राज्यमाशाची पिल्लं खपवू नयेत म्हणून लांबी ठरवली, यात गैर काहीच नाही. मासा एकदा तरी अंडी घालण्याएवढा होऊ दे, मग पकडा, एवढंच त्यामागचं शहाणपण, आणि ते कोळ्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक होतं. पण लहान मासा वाचतो तो पट्टीने नव्हे, जाळ्याच्या आसाने, म्हणजे भोकाच्या मापाने. म्हणून तर ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला, जिथे मासळी गोळा होते तिथे, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा असा नियम आहे. चौकोनीच का? तर तिरप्या विणीचा आस बोटीने ओढ दिली की मिटतो आणि जाळ्याची पिशवी होते. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो, पिल्लू त्यातून जिवंत निसटतं. शोधणाऱ्याने डोकं लावून शोधलंय. पण हे शेपूट असतं बंदरातल्या मोठ्या बोटीवर, आणि ते मोजायचं तर त्या बोटीवर चढावं लागतं. पाटीतला मासा मोजायला नुसतं वाकलं की भागतं.

आणि इथे हसू आटतं. कारण हे वाकणं आम्ही दर दिवाळीला बघतो. सोयाबीन घेऊन शेतकरी खरेदी केंद्रावर उभा राहतो, मुठीएवढं यंत्र पोत्यात खुपसतात आणि सांगतात, ओलावा १२ टक्क्यांच्या वर, माल परत. पाऊस त्याने पाडला नव्हता. बारदान नाही, गोदाम नाही, ट्रॅक्टरचं भाडं चढतंय, आणि यंत्र मात्र दशांश चिन्हापर्यंत अचूक. २०२४ साली हीच मर्यादा १५ टक्क्यांवर नेल्याचं जाहीर झालं, तेव्हा गरजू माणसाने माल पडेल भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर घातलेला होता. पुढे त्या मालाच्या ओलाव्याची चौकशी करायला कुणी गेलं नाही. व्यापाऱ्याच्या गोदामात ओलावा आपोआप कायदेशीर होत असावा. आपल्याकडे मोजमापाची हौस दांडगी, पण मापाची धाव ज्याच्या हातात पाटी किंवा डोक्यावर पोतं आहे त्याच्यापर्यंतच. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून उपसायला २०१७पासून बंदी आहे. हा दिवा रात्रीच्या काळोखात, भर समुद्रात पेटतो. तो दिसत नाही म्हणणाऱ्याला दुपारच्या बाजारात टोपलीतल्या बोंबलाचे दोन मिलिमीटर कमी दिसतात. काय ही नजर!

आमच्या घरचीही गोष्ट सांगायला हवी. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा या धरणांतून भोई समाजाची घरं चालतात. कटला-रोहूची बोटुकली पाण्यात सोडायची, ती वाढेपर्यंत दम धरायचा, हा तिथला हिशेब. त्या पाण्यात कुणी मच्छरदाणी फिरवली, तर फक्त डास सुटतो, बाकी सगळं वर येतं. माशांसाठी सुरुंग आणि विष वापरायला इंग्रजांनी १८९७ सालीच बंदी घातली. मच्छरदाणी त्यांना सुचली नसावी. ती आमची स्वतंत्र भारतातली प्रगती.

तेव्हा पट्टी फेकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. पट्टी आधी जाळ्याला लावा, बोट बंदरातून सुटायच्या आत लावा, सगळ्यात मोठ्या बोटीला सगळ्यात आधी लावा, आणि मग खुशाल मावशींच्या गोणपाटापर्यंत या. आणि वाचकहो, बाजारात कुणी तळहाताहून लहान पापलेट ‘कोवळा आहे, स्वस्तात घ्या’ म्हणून पुढे केला, तर तो घेऊ नका. पिल्लं विकत घेणारं गिऱ्हाईक आहे तोवर पिल्लं पकडणारी बोटही राहणार.